लहानांचा चषक आणि थोरांचे उपकार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



शेती, मजुरी, शिक्षण अशा विषयांच्या रांगेत फुटबॉलचे नाव पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. खेळ हा फुरसतीचा विषय, चळवळीचा नव्हे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. परंतु ज्या ठिकाणी दर आठवड्याला हजारो कष्टकरी स्वखुशीने, पदरचे पैसे मोडून एकत्र येतात, त्या ठिकाणी सत्ता कोणाची चालते, नियम कोण करतो आणि कोणासाठी करतो, हे पाहणे आपले काम नाही असे कसे म्हणता येईल? म्हणून आज मी आपल्यापुढे एक अगदी लहानसे उदाहरण ठेवणार आहे. इंग्लंडमध्ये खालच्या विभागांतील फुटबॉल संघांसाठी राष्ट्रीय पातळीवर चषक-स्पर्धा भरतात. तिथल्या मोठ्या क्लबांच्या झगमगाटात या स्पर्धांकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. पण मोठे लोक लहानांना मदत करू लागले म्हणजे लहानांचे नेमके काय होते, याचा धडा या स्पर्धांच्या इतिहासात जितका स्वच्छ वाचायला मिळतो तितका क्वचितच इतरत्र मिळत असेल.

प्रथम बाद पद्धतीच्या चषकाचे वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. साखळी स्पर्धेत वर्षभर सामने होतात आणि शेवटी ज्याच्याकडे पैसा आणि खेळाडूंचा साठा अधिक, तो बहुधा वर राहतो. चषकात तसे नसते. चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरतात, हरला तो बाहेर, जिंकला तो पुढे. एका दुपारपुरते श्रीमंत आणि गरीब समान पातळीवर येतात. ही समानता क्षणिक आहे, हे खरे. पण ती नियमाने दिलेली आहे, कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. माझ्या सगळ्या विवेचनाचा गाभा या एका भेदात आहे.

फुटबॉल असोसिएशनची स्थापना लंडनमध्ये १८६३ साली झाली आणि १८७१-७२ च्या मोसमात तिने पहिली चषक-स्पर्धा भरवली. पंधरा क्लबांनी नावे नोंदवली. पहिली दहा-बारा वर्षे हा चषक बड्या घरच्या मुलांच्या शाळांतील माजी विद्यार्थी आणि लष्करी अधिकारी यांच्यातच फिरत राहिला. १८८३ साली मात्र लँकेशायरमधील ब्लॅकबर्न ऑलिंपिक या संघाने ओल्ड इटोनियन्सचा जादा वेळेत दोन विरुद्ध एक गोलांनी पराभव केला. ब्लॅकबर्नच्या त्या संघात कापडगिरणीतले आणि लोखंडाच्या कारखान्यातले कामगार होते. समोर ईटनचे माजी विद्यार्थी, म्हणजे राज्यकर्त्यांची मुले. त्यानंतर माजी विद्यार्थ्यांच्या एकाही संघाला तो चषक पुन्हा जिंकता आला नाही.

आता पराभव झाल्यावर वरिष्ठ वर्ग काय करतो? तो शुद्धतेचा प्रश्न उपस्थित करतो. कामगाराने खेळासाठी पैसे घेणे हा खेळाचा अपमान आहे, असा गिल्ला सुरू झाला. ज्याला शनिवारची मजुरी बुडवून खेळायला जावे लागते, त्याने भरपाई मागितली तर तो भ्रष्ट आणि ज्याच्या वडिलांची जमीनजुमल्यावर उपजीविका चालते तो फुकट खेळला म्हणून निर्मळ, असा हा न्याय होता. १८८५ साली असोसिएशनला व्यावसायिक खेळाडूंना मान्यता द्यावी लागली, १८८८ साली बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली आणि मग १८९३-९४ मध्ये केवळ हौशी संघांसाठी स्वतंत्र चषक काढण्यात आला. पहिल्या वर्षी तो ओल्ड कार्थुशियन्स या माजी विद्यार्थ्यांच्या संघाने जिंकला. सभ्य गृहस्थांना आपले कुंपण पुन्हा मिळाले, असे वाटले असावे.

पण कुंपण घालणाऱ्याला आत कोण शिरेल याचा अंदाज नेहमीच येतो असे नाही. दुसऱ्याच वर्षी, १८९५ साली, मिडल्सब्रो या उत्तरेकडील औद्योगिक गावाच्या संघाने त्याच ओल्ड कार्थुशियन्सना हरवून हा चषक नेला. पुढच्या काळात डरहॅम परगण्यातील कोळशाच्या पट्ट्याने या स्पर्धेवर आपला हक्कच सांगितला. बिशप ऑकलंड या गावाने हौशी चषक दहा वेळा जिंकला, त्यांपैकी १९५५, १९५६ आणि १९५७ असा सलग तीनदा. क्रुक टाउनने तो पाच वेळा जिंकला. १९५४ साली हे दोन शेजारी अंतिम सामन्यात समोरासमोर आले, तेव्हा वेम्बलीच्या मैदानावर एक लाख प्रेक्षक होते. दोनदा बरोबरी झाली आणि तिसऱ्या सामन्यात क्रुकने एका गोलाने चषक घेतला. काही मैलांच्या अंतरावरची दोन लहान गावे आणि त्यांचा निकाल लागेपर्यंत तीन मोठी शहरे त्यांच्यासाठी आपली मैदाने उघडत होती! १९५८ च्या फेब्रुवारीत म्युनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू गेले, तेव्हा त्या बलाढ्य क्लबच्या मदतीला बिशप ऑकलंडचे तीन हौशी खेळाडू धावून गेले होते. कोणी कोणाला मदत केली, याचा हिशेब ठेवायचा असेल तर तो या टोकापासूनही मांडावा लागेल.

हौशीपणाचे ढोंग मात्र आतून पोखरत होते. हौशी म्हणवणाऱ्या खेळाडूच्या बुटात सामन्यानंतर गुपचूप नोटा ठेवल्या जात आणि सगळ्यांनी त्याकडे डोळेझाक करायची, असा रिवाज पडला. अखेर १९७४ साली असोसिएशनने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच रद्द केला आणि त्याबरोबर हौशी चषकही संपला. भेद गेला हे योग्यच झाले. गरिबाला खोटे बोलायला लावणारा नियम कितीही जुना असला तरी त्याचे दुःख करण्याचे कारण नाही.

त्याच्या जागी काय आले, हे आपण पाहिले पाहिजे. उघडपणे पैसे देणाऱ्या, पण लीगबाहेर असणाऱ्या क्लबांसाठी १९६९-७० पासून एफ. ए. ट्रॉफी ही स्पर्धा होतीच. १९७४-७५ पासून त्याहून खालच्या पायरीवरच्या क्लबांसाठी एफ. ए. व्हाज सुरू झाली. तिचा पहिला मान हॉडस्डन टाउन या संघाला मिळाला. ज्यांचे मैदान म्हणजे एका बाजूला लहानशी शेड आणि तीन बाजूंना कठडा, ज्यांचे खेळाडू आठवडाभर कोठे तरी नोकरी करतात, अशा क्लबांची ही स्पर्धा, आणि तिचा अंतिम सामना वेम्बलीवर! २००९ ते २०१३ या पाच वर्षांत हा चषक सतत ईशान्य इंग्लंडकडे राहिला. व्हिटली बेने तीनदा, नंतर डन्स्टनने आणि मग स्पेनीमूरने तो जिंकला. डरहॅमच्या कोळसापट्ट्यातली शेवटची खोल खाण १९९३ च्या अखेरीस बंद झाली होती. खाणी गेल्या, त्यांच्याबरोबर रोजगार गेला, पण गावाने आपल्या हाताने उभारलेला क्लब टिकला. सरकारी धोरणाला जे वाचवावेसे वाटले नाही, ते लोकांनी वाचवले.

कोल्हापूरच्या साथींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नुसती संघांची नावे नाहीत. ती पेठांची आणि तालमींची नावे आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असतो तेव्हा मैदानात अकरा जण खेळतात, पण हरते-जिंकते ती पेठ. इंग्लंडमधील लहान क्लबाचे त्याच्या गावाशी नाते असते ते याच जातीचे.

२०१६ सालच्या व्हाजच्या अंतिम सामन्यात हेरफर्डचा संघ उतरला होता. हेरफर्ड युनायटेड हा जुना क्लब कर्जात बुडून डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाच्या हुकमाने गुंडाळला गेला. प्रेक्षकांनी २०१५ साली नव्या नावाने, अगदी खालच्या पायरीपासून, पुन्हा क्लब उभा केला आणि पहिल्याच मोसमात त्यांच्यामागे हजारोंचा जमाव वेम्बलीला लोटला. नॉर्थम्बरलँडमधल्या मॉर्पेथ या लहान गावाने त्यांना चार विरुद्ध एक गोलांनी हरवले. तरी पण त्या दिवशी हेरफर्ड गावाने काही गमावले, असे कोणी म्हणणार नाही.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. लीगच्या आतमध्येही, तिसऱ्या आणि चौथ्या विभागातील क्लबांसाठी १९८३-८४ च्या मोसमात एक स्वतंत्र चषक सुरू झाला. पुरस्कर्ते बदलले तशी त्याची नावे बदलत गेली. आज तो ई. एफ. एल. ट्रॉफी म्हणून ओळखला जातो. १९८५ पासून अंतिम सामना वेम्बलीवर जाऊ लागला आणि या साध्या चषकाला अर्थ आला. १९८८ साली वुल्व्ज आणि बर्नली हे एकेकाळचे लीगविजेते, आता चौथ्या विभागात घसरलेले, अंतिम फेरीत आले. बर्नली तर वर्षभरापूर्वी लीगमधूनच बाहेर पडण्याच्या काठावर होता. त्या सामन्याला ८०,८४१ प्रेक्षक आले. पडलेल्या गावांनी आपण अजून आहोत हे सांगण्याचा तो दिवस होता.

१९९२ साली पहिल्या विभागातील क्लबांनी वेगळे होऊन प्रीमियर लीग स्थापली. दूरचित्रवाणीचा पैसा त्यांना खालच्यांबरोबर वाटून घ्यायचा नव्हता, हे त्यामागचे उघड कारण होते. येथून पुढे खालच्या क्लबांना जे मिळू लागले त्याचे नाव बदलले. पूर्वी तो वाटा होता, आता ती मदत झाली. वाटा मागता येतो. मदत मिळाली तर आभार मानावे लागतात आणि देणाऱ्याने अट घातली तर ती ऐकावी लागते. २०११ साली ही अट आली. तरुण खेळाडू तयार करण्याची एक नवी योजना प्रीमियर लीगने पुढे केली. लहान क्लबने वाढवलेला मुलगा मोठ्या क्लबने उचलला तर भरपाई किती, हे पूर्वी वाद झाल्यास लवाद ठरवी. आता ठरावीक दरपत्रकाने ती मिळणार होती आणि बहुतेकांना ती पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी पडणार हे दिसत होते. योजना नाकारली तर युवा विकासाचा निधी थांबेल, असे सांगण्यात आले. फुटबॉल लीगच्या क्लबांनी ४६ विरुद्ध २२ मतांनी ती मान्य केली. हे मतदान लोकशाही पद्धतीने झाले, यात वाद नाही. पण भाकरीचा तुकडा समोर धरून घेतलेल्या मताला आपण आपल्या खेड्यांतल्या निवडणुकीत काय म्हणतो?

२०१४ साली असोसिएशनच्या अध्यक्षांनी नेमलेल्या मंडळाने अशी सूचना केली, की मोठ्या क्लबांच्या दुय्यम संघांना सामावून घेणारा एक नवा विभाग लीगच्या रचनेत घालावा. ती सूचना लहान क्लबांच्या प्रेक्षकांनी हाणून पाडली. जे समोरच्या दरवाजाने आत येऊ शकले नाही ते दोन वर्षांनी परसदाराने आले. २०१६-१७ च्या मोसमात ई. एफ. एल. ट्रॉफीमध्ये ४८ क्लबांच्या जोडीला मोठ्या क्लबांच्या अकादम्यांचे सोळा तरुण संघ घेण्यात आले. प्रयोग म्हणून आलेली ही व्यवस्था पुढे कायम झाली. गंमत अशी, की ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता त्यांपैकी काही अतिश्रीमंत क्लबांनी पहिल्या वर्षी निमंत्रणच नाकारले.

प्रेक्षकांनी बहिष्कार पुकारला. हजारोंची मैदाने ओस पडली. एका सामन्याला तर चारशेहूनही कमी लोक होते. आणि मग नियमांची जी थट्टा झाली ती सांगण्यासारखी आहे. क्लबांनी या स्पर्धेत आपला मुख्य संघ उतरवावा, अशी सक्ती होती. ल्यूटनने आपल्या स्वतःच्या तरुण मुलांना संधी दिली, तर त्याला पंधरा हजार पौंडांचा दंड झाला. पोर्ट्समथलाही तितकाच. म्हणजे तरुणांना वाव मिळावा म्हणून बदललेल्या स्पर्धेत श्रीमंत क्लबचे तरुण खेळले तर तो देशाच्या फुटबॉलचा विकास आणि ल्यूटनचे तरुण खेळले तर तो गुन्हा! ब्रॅडफर्डने नियमाची अट पुरी करण्यासाठी आपल्या नेहमीच्या गोलरक्षकाला मैदानात उतरवले आणि तीन मिनिटांत बाहेर बोलावले. अन्याय्य नियमाचे पालन कसे करावे, याचे हे उदाहरण कोणत्याही सत्याग्रह-शिबिरात सांगण्याजोगे आहे.

दुसरी बाजूही आपण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पहिला मुद्दा असा, की स्पेन आणि जर्मनीत मोठ्या क्लबांचे दुय्यम संघ खालच्या विभागांत खेळतातच आणि तेथील फुटबॉल काही बुडालेले नाही. दुसरा असा, की या बदलाबरोबर बक्षिसाची रक्कम वाढली आणि गरीब क्लबला ती उपयोगी पडली. तिसरा सर्वांत वजनदार मुद्दा असा, की बहिष्कार टिकला नाही. २०१७ साली कोव्हेंट्री आणि ऑक्सफर्ड यांच्या अंतिम सामन्याला ७४,४३४ प्रेक्षक होते. २०१९ साली पोर्ट्समथ आणि संडरलंड यांच्या सामन्याला ८५,०२१. या स्पर्धेच्या इतिहासातील ही तेव्हाची सर्वांत मोठी उपस्थिती. त्याआधी दंड भरलेल्या पोर्ट्समथनेच तो चषक जिंकला. मग विरोध खोटा होता काय?

मला तसे वाटत नाही. स्पेन-जर्मनीतील रचना तेथे पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली आहे. ती पैशाच्या टंचाईचा फायदा घेऊन एका मोसमात लादलेली नाही. बक्षिसाचे म्हणाल, तर तो पैसा दूरचित्रवाणीच्या ज्या उत्पन्नातून आला त्यात वाटा असणे हे या क्लबांचे म्हणणे होतेच. आणि वेम्बलीची गर्दी कशासाठी आली, हे आकड्यांतच लिहिलेले आहे. अकादमीच्या संघाशी सामना असला की मैदान रिकामे; गाव विरुद्ध गाव असा सामना झाला की मैदान भरलेले. लोकांनी स्पर्धेला नकार दिला नव्हता. स्पर्धेत आपल्याला सराव देणारे गडी म्हणून वापरले जाण्याला नकार दिला होता. २०१८ साली चेल्सीचा तरुण संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला, तेव्हा लिंकन या लहान शहराच्या क्लबने त्याला पेनल्टीवर अडवले. त्या वर्षीचा चषकही लिंकननेच नेला.

यावर कोणी विचारील, की चषकाच्या एका तुकड्यासाठी इतके कशाला? त्याचे उत्तर एक्सेटरने दिले आहे. २००३ साली हा क्लब लीगबाहेर फेकला गेला, कर्जात बुडाला आणि प्रेक्षकांच्या विश्वस्त संस्थेने तो आपल्या ताब्यात घेतला. जानेवारी २००५ मध्ये मोठ्या एफ. ए. चषकात चिठ्ठीने त्याची गाठ मँचेस्टर युनायटेडशी पडली. ओल्ड ट्रॅफर्डवर सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि म्हणून एक्सेटरच्या मैदानावर फेरसामना झाला. तो ते हरले. पण दोन सामन्यांच्या उत्पन्नाने क्लबला कर्जाच्या फासातून बाहेर पडता आले. ही मदत नव्हती. नियमाने आलेला हक्काचा पैसा होता आणि त्याबद्दल एक्सेटरला कोणाचेही आभार मानावे लागले नाहीत. तो नियम आता उरलेला नाही. २०२४-२५ पासून एफ. ए. चषकाच्या मुख्य फेऱ्यांतील फेरसामने बंद झाले. असोसिएशन आणि प्रीमियर लीग यांनी हा निर्णय केला, तेव्हा आपल्याला विचारले नाही अशी तक्रार खालच्या क्लबांच्या संघटनेने जाहीरपणे केली. मोठ्या क्लबांच्या वेळापत्रकात जागा नव्हती, असे कारण सांगण्यात आले. ज्यांच्या घरात जागा मुबलक आहे त्यांनाच नेहमी जागेची अडचण का होते, हे एक कोडेच आहे.

लोकांचा आवाज निष्फळ ठरतो, असे मात्र कोणी समजू नये. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी, त्यांत इंग्लंडचे सहा, स्वतःसाठी बंदिस्त सुपर लीग जाहीर केली आणि प्रेक्षकांच्या संतापापुढे इंग्लंडच्या सहाही क्लबांना दोन दिवसांत माघार घ्यावी लागली. त्याआधी, ऑगस्ट २०१९ मध्ये, १८८५ साली स्थापन झालेला बरी हा क्लब मालकाच्या कारभारापायी लीगमधून काढला गेला होता. या घटनांनंतर चौकशी झाली आणि २०२५ साली ब्रिटिश संसदेने फुटबॉलवर स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा केला. कायद्याने सर्व प्रश्न सुटतील असे नाही. पण क्लब ही मालकाची खाजगी चीजवस्तू नसून गावाचा वारसा आहे, ही गोष्ट निदान कायद्याच्या दारात पोहोचली.

साथींनो, यातून आपण काय घ्यायचे? सहकारी संस्था असो, वाचनालय असो की कामगार संघटना असो, मोठा आपल्या दारी मदत घेऊन आला तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. हा पैसा मुळात कोणाचा होता? तो घेतल्यावर नियम कोण करणार? आणि उद्या आपल्याला तो नको झाला, तर नाही म्हणण्याची मोकळीक राहील काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘आपला’ असे असेल, तर मदत न मागता वाटा मागावा. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर थोडी उपासमार पत्करूनही आपला लहानसा चषक आपल्या हाती ठेवावा. बिशप ऑकलंडला आणि क्रुकला लाखाचा जमाव कोणी मेहेरबानीने दिला नव्हता. ती स्पर्धा त्यांची होती, म्हणून लोक आले. संस्था आपली असली म्हणजेच माणसे तिच्यासाठी चालत येतात. ती दुसऱ्याची झाली की बोलावूनही येत नाहीत. रिकाम्या मैदानांनी २०१६ साली हेच सांगितले आणि ते ऐकण्यासाठी फुटबॉल कळण्याची गरज नाही.